सामायिक

पाळणाघराची भिंत एका रात्रीत बदलली असं मला वाटलं, पण ती रंगवून दोन-तीन दिवस झाले होते. मीच तिकडे बघितलं नव्हतं. बसमधून उतरून ऑफिसकडे जाताना मी रोज त्या भिंतीच्या कडेने चालते, आणि तोवर माझं डोकं ऑफिसात जाऊन कामाला लागलेलं असतं, मागून येतं ते नुसतं शरीर. आज शरीरच थांबलं. मुका मार लागल्यावर दुसऱ्या दिवशी कातडीवर जो रंग उमटतो, जांभळट, हिरवटसर, तसल्या रंगाची ती सबंध लांब भिंत सकाळच्या उन्हात उभी होती. तिच्यावर हौसेने काढलेली पिवळी बदकं आजारी दिसत होती. फाटकाशी रिकामे डबे रचलेले होते आणि पाळणाघर चालवणाऱ्या बाई कमरेवर हात ठेवून भिंतीकडे बघत होत्या. ओळख ना पाळख, पण मला राहवलं नाही. "हा रंग मुद्दाम घेतलात?" मी विचारलं. "मुद्दाम? अहो, साय मागितली होती मी, साय! डब्यावर तेच लिहिलंय, बघा तुम्हीच. रंगारी म्हणाला, वाळला की उघडेल. बघतेय मी, अजून उघडतोय." "मग दुकानदाराला विचारलं नाही?" "विचारलं की. तो म्हणाला, मशीन चुकत नाही." मी डबा उचलला. वर चिकटवलेल्या कागदावर ठळक अक्षरांत 'साय' होतं आणि खाली कोपऱ्यात, कुणी वाचत नाही अशा बारीक अक्षरांत, आमच्या प्रोग्रॅमच्या आवृत्तीचा आकडा. नवा. मागच्या पंधरवड्यात मी स्वतः बांधून पाठवलेला. मशीन चुकत नाही हे वाक्यही दुकानदाराचं नव्हतं, आमच्या माहितीपत्रकातलं होतं, आणि ते मीच लिहून दिलं होतं.  मग मी डब्यावरचा कागद नखाने सोडवून घेतला, बाईंना म्हटलं, "ही भिंत आठवड्याच्या आत साय होईल, रंग आमचा," आणि चालू लागले. "आमचा म्हणजे कुणाचा?" त्या मागून ओरडल्या. बरोबरच होतं त्यांचं, पण तेव्हा मला सांगत बसायला वेळ नव्हता.

मी पॅकेजं बांधते. ऑफिसात मला पुडकेवाली म्हणतात आणि मला ते आवडतं. प्रोग्रॅम लिहिणारे लिहून मोकळे होतात. तो ज्या-त्या मशीनवर जाऊन नीट बसेल, त्याच्या फाईली आपापल्या जागी पडतील, जुन्या निघतील, नव्या लागतील, हे बघणारी मी. आमचा प्रोग्रॅम रंगाच्या दुकानांतल्या मिश्रणयंत्रांवर चालतो. गिऱ्हाईक छटा निवडतं, प्रोग्रॅम यंत्राला सांगतो, पांढऱ्यात काळा इतका, पिवळा इतका, तांबडा नखभर. यंत्रांमध्ये बसवलेली मशीनं, म्हणजे छोटे कॉम्प्युटर, मात्र नाना घडणीचे. आमच्यातले लिहिणारे आर्किटेक्चर म्हणतात, मी घडण म्हणते. एका घडणीसाठी तयार केलेला प्रोग्रॅम दुसरीवर चालत नाही, म्हणून तो प्रत्येकीसाठी वेगळा तयार करायचा आणि वेगळा बांधायचा. यात माझी तक्रार नाही, ते करावंच लागतं. तक्रार होती ती बरोबर जाणाऱ्या सामानाबद्दल. छटांची नावं, डब्यावरच्या कागदाची अक्षरं, छोटी चित्रं, मापांची फाईल, हे सगळं सगळीकडे तेच, तरी प्रत्येक पॅकेज आपली वेगळी प्रत घेऊन फिरायचं. एक छटा वाढवायची तर सगळीकडे वाढवा, एक विसरलात की बोंब. एकाच वस्तूच्या अनेक प्रती दिसल्या की माझं डोकं उठतं. मी ते सगळं उपसून एका पॅकेजात घातलं आणि त्याचं नाव ठेवलं सामायिक. प्रोग्रॅम ज्याचा त्याचा, सामान सगळ्यांचं. इतकं सुटसुटीत काम मी बऱ्याच दिवसांत केलं नव्हतं, आणि केल्यावर मी स्वतःला वरच्या गच्चीत जाऊन एक कॉफी पाजली होती.

घरातही मी तेच केलंय. बाबा थोडे दिवस माझ्याकडे असतात, थोडे दादाकडे. आई गेल्यापासून असंच चाललंय. म्हाताऱ्या माणसाला घर बदललं की बावचळायला होतं, म्हणून मी दोन्ही घरांसाठी सारख्या वस्तू घेतल्या: तीच हातांची खुर्ची, तोच निळा कप, तेच पांघरूण, औषधांची तीच डबी. जेवायची वेळ तीच, फिरायची तीच. दादाने खांदे उडवले आणि जे आणलं ते ठेवून घेतलं. त्याच्यात आणि माझ्यात वाद झाला तर तो पहिल्या वाक्यालाच माघार घेतो आणि मग महिनाभर मनात चिडतो. एवढं सगळं सारखं असूनही बाबा मात्र सारखे राहिले नाहीत. माझ्याकडे ते बोलतात. मी दारातून आत पाऊल टाकायचा अवकाश, की नोकरीतले, मालधक्क्यावरचे किस्से सुरू होतात: वजनकाट्यावर बकरीसकट चढलेली गाडी, वजन कमी भरावं म्हणून पोट आत ओढून धरणारा हमाल. शंभरदा ऐकलेले, तरी मी हसते आणि ते रंगतात. दादाकडे गेले की मिटतात. मी रोज फोन करते. बाबा "हं" म्हणतात, "हो" म्हणतात, फोन वहिनीकडे देतात. दादाला विचारलं तर म्हणतो, "असतात गप्प. बसलेले असतात." हे तो अशा आवाजात सांगतो की जसं काही पंख्याबद्दल बोलतोय. मी यावरून काढायचा तो अर्थ काढला होता. वस्तू त्याच, माणूस तोच, मग बिघाड कुठे असणार? घरात. म्हणून मी ठरवलं होतं, बाबांना कायमचं माझ्याकडे आणायचं, आणि आज संध्याकाळी दादाकडे जाऊन ते सांगायचं. विचारायचं नाही, सांगायचं. फोनवर मी त्याला नुसतं म्हटलं होतं, "उद्या येते, बाबांचं बोलायचंय," आणि तो म्हणाला होता, "ये."

ऑफिसात शिरल्या शिरल्या मी शंकाच्या टेबलावर तो डब्यावरचा कागद ठेवला. शंका आमच्याकडे तपासणीचं काम करते. तिचं खरं नाव पगाराच्या दिवशीच कुणाला आठवत असेल. प्रत्येक आवृत्ती बाहेर पडायच्या आधी ती नाकावरचा चष्मा कपाळावर चढवून काहीतरी विचारते. या वेळी तिने विचारलं होतं, "सामायिक पॅकेज जुन्या मशीनवर चालवून बघितलं का?" आणि मी म्हटलं होतं, "अगं, तो डेटा आहे. त्यात चालायचं काय? डेटाला काय कळतंय आपण कुठल्या मशीनवर आहोत ते." सगळे हसले होते, तीही हसली होती. आता तिने कागद वाचला, चष्मा कपाळावर गेला, आणि ती काही बोलायच्या आत मी म्हटलं, "बोलू नकोस. ते मशीन काढ." जुन्या घडणीचं एकुलतं एक मशीन कोपऱ्यात होतं आणि त्याच्यावर टेबलफॅन ठेवलेला होता. फॅन उतरवून, धूळ झटकून आम्ही ते सुरू केलं, माझं पॅकेज चढवलं आणि सायीची मापं मागवली. पांढऱ्यात चिमूटभर पिवळा आणि कणकण काळा नि जांभळा जायला हवा, तिथे काळ्याचा आणि जांभळ्याचा जो आकडा आला तो इतका अवाच्या सवा होता, की यंत्राने आपल्या कुवतीप्रमाणे त्यातला जेवढा ओतता येईल तेवढा ओतला असणार. शंका म्हणाली, "फाईल खराब झालीय का?" मी फाईल माझ्या मशीनवर उघडली. अगदी स्वच्छ. साय म्हणजे साय. "मग हे मशीन खराब?" त्यावरचं बाकी सगळं ठाकठीक चालत होतं. आणि मला एकदम हसू आलं. मोठ्याने, न आवरणारं. शंकाला वाटलं मला धक्का बसलाय. मला धक्का नव्हता बसला, मला पाटी आठवली होती.

सुट्टीत बाबा आम्हा दोघांना मालधक्क्यावर न्यायचे. ते काट्यावर होते. भरलेली गाडी लोखंडी पत्र्यावर चढली की पत्रा कण्हायचा, बाबा काटा स्थिर व्हायची वाट बघायचे आणि मग वजन ओरडायचे, इतकं खणखणीत की पलीकडच्या खोलीतला कारकून खिडकी न उघडता ते टिपून घ्यायचा. दिवसभर. धूळ, गोणपाटाचा वास, आणि सगळ्याच्या वर बाबांचा आवाज. दादा आणि मी पायरीवर बसून ऐकलेलं पाटीवर लिहायचो. बाबा ओरडले, "छत्तीस!" आणि मी लिहिलं ६३. कान जे ऐकेल ते मी लिहीत होते: आधी सहा, मग तीस. दादा पाटी हातात घेऊन सगळ्यांना दाखवत सुटला, हमाल हसले, आणि मी त्याच्या दंडाला चावले. घरी आल्यावर आईने दंडावरच्या खुणा बघितल्या, पाटी बघितली आणि बाबांना म्हणाली, "हिचं बरं आहे. हिच्या पाटीवर तरी छत्तीसाचा आकडा एकमेकांकडे तोंड करून बसलाय. या दोघांना कोण बसवणार तसं?" बाबा नुसते हसले. घरी ते कधी फारसं बोलायचेच नाहीत. तेव्हा मला वाटायचं, वडील असेच असतात. मी तेव्हा चुकले होते असं मला आजही वाटत नाही. आपण बोलताना एकं आधी घेतो, लिहिताना दहं आधी. दोन्ही बरोबर, फक्त ऐकणाऱ्याला आणि लिहिणाऱ्याला कुठल्या टोकाकडून सुरू करायचं ते ठाऊक हवं. आमच्या बहुतेक घडणी आकडा धाकट्या टोकाकडून मांडतात. ही जुनी घडण थोरल्या टोकाकडून. मापांची फाईल मशीनला पटकन वाचता यावी म्हणून मी ती आधी माझ्या मशीनवर दळून घेते, साध्या अक्षरांतली मापं घेते आणि मशीनच्या आकड्यांत करून ठेवते. ते दळण माझ्या मशीनच्या रीतीचं होतं. जुन्या मशीनने ते आपल्या रीतीने वाचलं, अगदी इमानाने, शेवटच्या आकड्यापर्यंत. फाईल बरोबर होती, मशीन बरोबर होतं, आणि भिंत जांभळी झाली होती. चूक एकाच जागी होती, मी त्या दळणावर सामायिक असं लिहिलं त्या जागी.

पुढचं काम हातात मावेल एवढं होतं, आणि असं काम समोर आलं की मला फार बरं वाटतं. शंकाने जुन्या घडणीच्या दुकानांना फोन लावून मशीनं थांबवायला सांगितली. मी सामायिक पॅकेज पुन्हा उघडलं. नावं, चित्रं, अक्षरं तिथेच राहिली, ती कुणीही कुठल्याही टोकाकडून वाचली तरी तीच. मापंसुद्धा राहिली, पण दळलेली नाही, साध्या अक्षरांत, अख्ख्या दाण्यांसारखी. दळण ज्याचं त्याने करायचं: पॅकेज चढताना प्रत्येक मशीन आपल्या घरात, आपल्या रीतीने ती फाईल तयार करील. "इन्स्टॉलला वेळ लागेल जास्त," शंका म्हणाली. "लागू दे." "आणि प्रत्येकाची फाईल वेगळी होईल. तुला चालेल?" तिच्या आवाजात थोडी चेष्टा होती, पण मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. या वेळी सगळ्यात आधी कोपऱ्यातल्या मशीनवर चढवून बघितलं. साय आली. जेवणाच्या सुट्टीच्या सुमारास नवी आवृत्ती बाहेर पडली. बाकीची दुकानं ती स्वतः चढवून घेणार होती, पाळणाघराला रंग देणारा दुकानदार मात्र फोनवर म्हणाला, "मी आता कशालाही हात लावत नाही, तुम्ही या." दुकान शहराच्या दुसऱ्या टोकाला, दादाच्या घरापासून चालत जाण्यासारखं. मला ते सोयीचंच वाटलं. इकडचं काम करायचं, तिथून पुढे जाऊन तेही उरकायचं. संध्याकाळची वाट कशाला बघायची?

दुकानदार जाड भिंगांचा, ओठ मिटून बोलणारा माणूस होता. त्याच्या दुकानात टर्पेंटाईनचा आणि ओल्या पुठ्ठ्याचा वास होता. मी पॅकेज चढवलं, मशीनने आपलं दळण दळलं, आणि मग आम्ही दोघं पांढऱ्या रंगाच्या उघड्या डब्यावर वाकून उभे राहिलो. वरून पिवळ्याची तार आली, थांबली. काळ्याचा आणि जांभळ्याचा एकेकच ठिपका पडला. डबा हलवणाऱ्या यंत्राने खडखडाट केला, आणि झाकण काढल्यावर आत साय होती, कोमट दुधावर धरते तशी, पिवळेपण जेमतेम जाणवावं इतपत. मला तो रंग बोट बुडवून बघावासा वाटला. "तुम्ही लोक म्हणाला होतात, मशीन चुकत नाही," दुकानदार म्हणाला. "नाहीच चुकलं." "मग कोण चुकलं?" "मी." त्याने भिंगांतून माझ्याकडे बघितलं. "एवढं तोंडावर सांगताय?" "दुरुस्त झालंय ना आता. आता सांगायला काय जातंय?" तो पहिल्यांदा हसला आणि पाळणाघराचे डबे आजच पोचवतो म्हणाला. मी बाहेर पडले तेव्हा माझी चाल अशी होती की समोरून येणारे बाजूला होत होते. मी सगळं बरोबर करते असं नव्हे. पण चुकलेलं मी लगेच बरोबर करते, आणि ते जमणारी माणसं फार नसतात. दादाच्या इमारतीचे जिने चढताना मी मनातल्या मनात वाक्यं लावून घेत होते. दादा, हे तुझ्यावर नाही. दादा, तुला वेळ नसतो. दादा, त्यांना माणूस लागतं बोलायला.

दार वहिनीने उघडलं. तिच्या चेहऱ्यावर मी लवकर आल्याचं आश्चर्य होतं, आणि मग ते नव्हतं. बाहेरच्या खोलीत मी आणलेली हातांची खुर्ची होती. तिच्यावर वाळलेल्या कपड्यांचा ढीग होता. निळा कप खिडकीत होता आणि त्यात टाचण्या होत्या. माझा राग वर आला, पण तोंड उघडायच्या आत मला बाबा दिसले. स्वयंपाकघराच्या दाराशी एका ठेंगण्या स्टुलावर ते मटार सोलत बसले होते. वहिनी आत जाऊन पुन्हा ओट्याशी उभी राहिली. कुकर निवत होता. शेंग मोडल्याचा आवाज यायचा, दाणे भांड्यात पडल्याचा यायचा, मग काही नाही. कुणी काही बोलत नव्हतं आणि त्याचं कुणालाही काही वाटत नव्हतं. मी मात्र अस्वस्थ झाले. खोलीत नसलेला आवाज माझ्या कानांवर दाबल्यासारखा झाला, आणि मी नेहमीच्याच उत्साहाने म्हटलं, "काय बाबा, आज काय विशेष?" त्यांनी वर बघितलं. ओळखीचं, मायेचं हसले. आणि मग मी जे बघितलं ते मला आधी कधी दिसलं नव्हतं, कारण माझ्या घरी मी दारात असते तेव्हा ते आधीच झालेलं असतं: त्यांनी हातातली शेंग बाजूला ठेवली, घसा साफ केला, पाठ ताठ केली आणि श्वास घेतला. काट्यावर उभे राहून घ्यायचे तस्सा.

"एकदा काय झालं, काट्यावर..." त्यांनी सुरुवात केली. "बाबा," मी म्हटलं, "इथे तुम्ही बोलत का नाही?" ते थांबले. "फोनवर नुसतं हं हं करता. करमत नाही ना इथे?" "हं," बाबा म्हणाले, आणि ओट्याशी वहिनीला हसू फुटलं. मग बाबाही हसले. "करमतं गं. न करमायला काय झालं?" "मग माझ्याकडे तर किती बोलता." त्यांनी शेंग पुन्हा उचलली, तिची शीर ओढली. "तुझ्याकडे बोलावं लागतं," ते म्हणाले. त्यात तक्रार नव्हती. ते वजन सांगत होते. "तू दमून येतेस आणि दारातूनच विचारतेस, आज काय बाबा. मग मी एखादा किस्सा काढतो. तू हसतेस, मला बरं वाटतं. खोटं नाही सांगत, बरंच वाटतं. पण जन्मभर ओरडलोय ना मी. इथे कुणी विचारत नाही. हा येतो, शेजारी बसतो, दोघं खिडकीबाहेर बघतो. झालं." मला वाईट वाटलं. लपवण्यात अर्थ नाही, खूप वाईट वाटलं. सकाळची भिंत बघून वाटलं होतं त्याहून जास्त. रोज संध्याकाळी मी त्यांना काट्यावर चढवत होते आणि त्याला खुशाली समजत होते. आणि दादा, जो पंख्याबद्दल बोलल्यासारखा बोलतो असं मी म्हणत होते, तो मला खरं तेच सांगत होता. असतात गप्प. बसलेले असतात.

बाबा स्टुलावर जरा सरकले, पुन्हा सरकले, बूड अवघडल्यासारखे. "असं लाकडावर काय बसताय?" मी म्हटलं. वहिनी माझ्याकडे न बघता म्हणाली, "उशी बॅगेत गेलीय." "कुठल्या बॅगेत?" तिने नुसती मान हलवून आतली खोली दाखवली. दाराच्या आत बाबांची मोठी बॅग उभी होती, फुगलेली, चेन कशीबशी ओढलेली. "यांनी काल रात्रीच भरून ठेवली," वहिनी म्हणाली. "म्हणाले, ती न्यायलाच येतेय. वाद नको, मला जमत नाही तिच्याशी. नीट भरून द्यावं म्हणजे झालं." मी बॅगेशी गुडघ्यावर बसले आणि चेन उघडली. इतकं वाईट बांधलेलं पुडकं मी जन्मात बघितलं नव्हतं. कपडे थोडेच होते. बाकी सगळं या घरातलं होतं, जे दादाला बाबांचं वाटलं ते त्याने एकावर एक कोंबलं होतं: विटून पातळ झालेली चौकोनी उशी, दाढीचा आरसा भिंतीवरच्या खिळ्यासकट, गॅलरीत घालायच्या चपला, आपला स्वतःचा एक जुना स्वेटर, कारण बाबा तो घालत असणार. मी आणून दिलेल्यातलं एकही नव्हतं. बाहेर दार वाजलं. दादा लवकर आला होता. तो आतल्या खोलीच्या दारात येऊन थांबला, पायांत बूट तसेच, आणि मला उघड्या बॅगेशी बघून घाईने म्हणाला, "अगं, मीच आणून पोचवणार होतो. सगळं भरलंय, बघ काही राहिलंय का." तो माझ्याकडे बघत नव्हता, बॅगेकडे बघत होता.

लावून आणलेली वाक्यं मी शोधली, पण एकही सापडलं नाही, आणि मला त्याची खंत वाटली नाही. मी उशी बाहेर काढली. आरसा काढला, खिळा काढून मुठीत धरला. मग उशी त्याच्यापुढे केली आणि विचारलं, "दादा, ही कुठे असते?" त्याला कळलं नाही. मी पुन्हा विचारलं. मी कुठली वस्तू कुठे असते असं कुणाला विचारल्याचं त्याने कधी ऐकलं नव्हतं, मीही नव्हतं. त्याने उशीकडे बघितलं, मग स्वयंपाकघराकडे, मग माझ्याकडे.

"स्टुलावर," तो म्हणाला, आणि बूट काढायला खाली बसला.